‘घातलं नाही’ असा रकाना

डिंकताईंना मी सतरा वर्षं ओळखतो. या सतरा वर्षांत कामाच्या वेळी त्या खुर्चीत न बसता उभ्या राहिल्याचं मी दोनदाच पाहिलं. एकदा खुर्चीचा पाय मोडला होता म्हणून. आणि दुसऱ्यांदा, एकतीस नंबरच्या घरून परत आल्या तेव्हा. पिशवी खांद्यालाच होती, दार त्यांनी लोटलंही नव्हतं, आणि त्या सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“बसा की,” मी म्हणालो.

“आधी मला एक सांगा. माणूस दोन तास अजिबात हलला नाही, तर तुमचा प्रोग्राम काय समजतो?”

उत्तर मला येत होतं. पावणेदोन वर्षं येत होतं. ते कुणी विचारलं नव्हतं एवढंच, आणि आपण होऊन स्वतःला विचारावं इतकी अक्कल मला नव्हती.

त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. पण डिंकताई कोण हे सांगितल्याशिवाय तो धक्का तुम्हाला कळायचा नाही, म्हणून आधी त्या.

आमची खोली रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला. पूर्वी तिथे चादरी ठेवत. भिंतीतल्या फळ्यांवर ‘मोठ्या’, ‘लहान’, ‘फाटक्या’ अशा चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या आहेत, आणि आमच्या फायली त्यांच्याखालीच लागतात. चालू माणसांच्या फायली ‘मोठ्या’खाली, संपलेल्या ‘लहान’खाली, आणि मधेच सुटलेल्यांच्या ‘फाटक्या’खाली. एकच खिडकी आहे, ती स्वयंपाकघराच्या धुराड्याकडे उघडते. दोन टेबलं समोरासमोर. ताईंच्या टेबलावर फोन, माझ्यावर कॉम्प्युटर. मी आकडेवाला. आलेले आकडे तपासायचे, रकान्यांत बसवायचे, आलेख काढायचे, एवढं माझं काम. माणसं मला झेपत नाहीत. माणसं त्यांच्याकडे.

लोकांना वाटतं वैद्यकीय संशोधन डॉक्टर करतात. डॉक्टर सह्या करतात. संशोधन करते ती फोनला कान लावून बसलेली बाई. अमक्याला सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आणायचं, तमकीने प्रश्न चौदाचं उत्तर कोरं ठेवलंय ते गोड बोलून भरून घ्यायचं, एकीचा नवरा फोनवर खेकसतो म्हणून तो कामावर गेल्यावरच फोन करायचा, दुसऱ्याकडे कुत्रा आहे म्हणून घड्याळ पोचवणाऱ्याला आधी बजावायचं. याला समन्वय म्हणतात. बाकीच्या ठिकाणी अशा अभ्यासातून वर्षभरात तिसरा हिस्सा माणसं गळतात. ताईंच्या हातून माणूस सुटत नसे. म्हणून खालच्या मजल्यावरच्या परिचारिकांनी त्यांना डिंकताई म्हणायला सुरुवात केली, आणि त्यांनीही ते नाव पदवीसारखं मिरवलं. त्यांचे यजमान शिलाई मशीन दुरुस्त करतात. ते एकदा मला म्हणाले होते, “पळून जायचं दोनदा मनात आलं होतं हो. पण हिच्याकडे माझा पत्ता लिहिलेला आहे.” सासूबाईंच्या गोळ्यासुद्धा ताई वहीत मांडतात. वहीवर ‘नंबर एक’ असं लिहिलेलं आहे आणि सासूबाईंना त्याचा कोण अभिमान.

तर अशा या बाईंकडे मोठ्या डॉक्टरांनी दीर्घ थकव्याच्या आजाराचा अभ्यास सोपवला.

या आजाराचं नाव घेतलं की समोरचा हमखास म्हणतो, “मग मलाही आहे तो.” मीही म्हणालो होतो. ताईंनी तेव्हा माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा म्हणालो नाही. हा दमण्याचा आजार नाही. अंघोळ केली म्हणून तीन दिवस अंथरुणाला खिळायचं, दहा मिनिटं कुणाशी बोललं म्हणून आठवडाभर डोळ्यांना उजेड सहन व्हायचा नाही, असा तो आजार. रक्त तपासलं तर सगळं ठीक. छातीचा फोटो ठीक. म्हणून घरचे म्हणतात ढोंग, साहेब म्हणतात कामचुकार, आणि दहा डॉक्टर म्हणतात मन रमवा. आमचे मोठे डॉक्टर पहिले, ज्यांनी या लोकांना समोर बसवून सांगितलं की तुमचं खरं आहे, आणि आम्ही ते मोजणार आहोत. पहिल्या दिवशी त्या वाक्याला तीन जण रडले. ताईंनी रुमालांचा एक गठ्ठा मागवून ठेवला होता, तो दुपारपर्यंत संपला.

मोजायचं कशाने, तर घड्याळाने. वेळ दाखवणारं नव्हे. मनगटावर बांधायची एक काळी चकती, हात हलला की मोजणारी. पट्ट्यावर माणसाचा नंबर चिकटवलेला. घरात एक छोटी डबी ठेवायची, तिच्यातून रोज सकाळी आकडे माझ्याकडे येत. शहाण्णव माणसं. वर्षात तीनदा, दर वेळी पंधरा दिवस घड्याळ बांधायचं, आणि मधल्या काळात काहींनी रोज थोडं थोडं चालणं वाढवायचं. त्याने फरक पडतो का, ते पाहायचं होतं.

आता तो नियम. घड्याळ कुणी काढून टेबलावर ठेवलं तर ते हलत नाही, आणि तो वेळ ‘आराम’ म्हणून मोजला गेला तर सगळे आकडे बिघडतात. म्हणून घड्याळ बनवणाऱ्यांनी पुस्तिकेत एक नियम दिला होता: दिवसा सलग दीड तास घड्याळ हललं नाही, तर ते हातात नव्हतं असं धरा. असे तास जास्त झाले तर तो दिवस बाद. पंधरातले पाच दिवस बाद झाले तर माणूस बाद. मी तो नियम पुस्तिकेतून जसाच्या तसा प्रोग्राममध्ये टाकला. बाद झालेल्यांसाठी एक रकाना केला, ‘घातलं नाही’. त्याच्या शेजारी ‘कारण’ असा दुसरा रकाना होता, तोही मीच भरायचो. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. मग मी डबा खाल्ला. हे मला आठवतं, कारण त्यानंतर मी ते पुष्कळ वेळा आठवलं आहे.

रोज सकाळी मी ताईंना यादी द्यायचो. कुणी कालपासून घड्याळ घातलेलं नाही. आणि ताई फोन उचलायच्या.

“नमस्कार, मी रुग्णालयातून बोलते. काय म्हणताय? बरं. घड्याळ घातलंय ना? नाही, इथे तर काही दिसत नाहीये. असं करू नका हं. घालायचं नसेल तर स्पष्ट सांगा, तुमच्या जागी दुसरं कुणी घेऊ, पुष्कळ लोक रांगेत आहेत. नाही नाही, रागावत नाही मी. पण आता मी सांगेपर्यंत काढायचं नाही. ठरलं?”

या बोलण्यावर माझा केवढा विश्वास होता म्हणून सांगू. बहुतेकांचे आकडे त्यानंतर सुधारत. तरीही न सुधारलेले अकरा निघाले. ते बाद झाले, त्यांची नावं ताईंच्या यादीतून आपोआप गेली, फायली ‘फाटक्या’खाली गेल्या. यादीतून नाव गेलं की फोन करायचं कारण उरत नाही. आम्ही दोघं त्या अकरांवर जरा चिडूनच होतो. फुकट घड्याळ मिळतंय, मनगटाला बांधायचंय, तेवढंही होत नाही या लोकांना, असं मी एकदा म्हणालोही. ताई म्हणाल्या, “जाऊ द्या, आजारी माणसं आहेत.”

एकतीस नंबर ही मात्र आमची शान होती. भूगोल शिकवणाऱ्या बाई, वय बेचाळीस, चार वर्षं घरी. पहिल्या आठवड्यात त्यांचंही नाव माझ्या यादीत आलं होतं, पण ताईंनी फोनवर असं काही घोळात घेतलं की पुढच्या दिवसापासून आकडे धो धो यायला लागले. सहा महिन्यांनी त्याहून वाढले. दिवसाला अकरा हजार पावलं. मी स्वतः इतका चालत नाही. त्यांचा आलेख डॉक्टरांनी रंगीत छापून भिंतीवर लावला होता. गंमत म्हणजे त्यांनी भरलेल्या फॉर्ममध्ये मात्र दर वेळी तेच असे: दिवसभर अंथरुणात, केस विंचरायला त्राण नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं, हे जुळत नाही. ते म्हणाले, “आजाराची सवय झालेली असते. बरं वाटतंय हे मनाला कळायला वेळ लागतो. घड्याळ खोटं बोलत नाही.” मला ते पटलं. हे लिहितानाही माझ्या कानशिलांना चटका बसतोय, पण पटलं होतं.

शेवटच्या फेरीची घड्याळं काहींच्या हातात अजून होती, तोच निकाल मांडायची सभा नऊ दिवसांवर आली. डॉक्टरांच्या मनात आलं, एकतीस नंबरने व्यासपीठावर चालत यावं आणि दोन शब्द बोलावे. हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून ताई स्वतः निघाल्या. सोबत फुलं घेतली होती.

पुढचं मी त्यांच्या तोंडून ऐकलं, उभ्यानेच.

दार उघडलं ते बहिणीने. धाकटी, पायात जाड तळाचे बूट, गळ्यात ओळखपत्र. ही घरोघर फिरून विजेच्या मीटरची नोंद घेते, नुकतीच कामावरून आली होती. ताईंनी नमस्कार केला आणि त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. मनगटावर काळी चकती. पट्ट्यावर एकतीस.

“मला वाटलं, हिने गंमत म्हणून घातलं असेल,” ताई म्हणाल्या. “खरंच तसं वाटलं. इतकी मी मूर्ख.”

बहिणीने हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. मग ती दारातच खाली बसली आणि म्हणाली, “ताई, तिला काढू नका. तिची काही चूक नाही. मी घातलं.”

“पण का?”

“तुम्ही फोन केला होता. तुम्ही म्हणालात, घालायचं नसेल तर दुसऱ्या कुणाला घेऊ. तिने घातलेलं होतं हो. पहिल्या दिवसापासून घातलेलं होतं. मी शप्पथ घेऊन सांगत होते तुम्हाला. तुम्ही म्हणालात, इथे काही दिसत नाहीये.”

“मग?”

“मग काय करणार? चार वर्षांत तुमचे डॉक्टर पहिले, जे तिला खरी म्हणाले. त्यांनीच काढून टाकलं असतं तर ती राहिली नसती. तुम्हाला घड्याळ हललेलं पाहिजे होतं. माझं दिवसभर हलतं.”

ताईंना मग आतल्या खोलीत नेलं. खिडकीला जाड कागद लावलेला, घड्याळाची टिकटिक नको म्हणून भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढलेलं. भूगोलाच्या बाई उताण्या पडल्या होत्या, हात अंगालगत सरळ ठेवून. त्या जाग्या होत्या. ताई दहा मिनिटं उभ्या राहिल्या, तेवढ्यात त्यांचा हात एकदाही हलला नाही. एक बोटसुद्धा नाही. डोळे तेवढे ताईंच्या दिशेने आले आणि ओठ हलले. बहिणीने कान लावून ऐकलं आणि सांगितलं, “ती विचारते, तुम्ही रागावलात का?”

फुलं ताईंनी बाहेरच ठेवली. वास सहन झाला नसता.

हे सगळं सांगून झाल्यावर ताई माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मी त्यांना नियम सांगितला. सलग दीड तास, वगैरे.

“म्हणजे जो पडून आहे,” ताई सावकाश म्हणाल्या, “ज्याला हात उचलायचं बळ नाही, त्याने घड्याळ घातलंच नाही.”

“प्रोग्रामच्या दृष्टीने, हो.”

“आणि त्याला मी फोन करून झापलं.”

त्यांनी ‘फाटक्या’खालच्या फायली ओढून टेबलावर टाकल्या. मग आपली जुनी वही काढली, जिच्यात प्रत्येक फोन लिहिलेला असतो, तारीख आणि वेळेसकट. दोघांनी मिळून ती वही वाचली. बारा नंबर: घातलंय म्हणते (?). सव्वीस नंबर: नवरा म्हणतो घातलंय (?). नऊ नंबर: आई म्हणते काढलेलंच नाही (?). अकराच्या अकरा ठिकाणी ते प्रश्नचिन्ह, ताईंच्या वळणदार अक्षरात, नीट कंसात. त्या लोकांनी आम्हाला सांगितलं होतं. आम्ही लिहूनही घेतलं होतं. ज्यांना सगळ्या जगाने खोटं ठरवलं म्हणून जे आमच्याकडे आले, त्यांना आम्ही कंसात खोटं ठरवलं होतं.

त्यांनी डॉक्टरांना खोलीत बोलावलं. एरवी आम्ही त्यांच्याकडे जातो. ते आले, खिडकीपाशी उभे राहिले, सगळं ऐकलं. माणूस वाईट नाही. पण सभा नऊ दिवसांवर होती.

“एकतीस काढा,” ते म्हणाले. “ती नोंद खोटी आहे, ती जाणारच.”

“आणि अकरा?” ताईंनी विचारलं.

“त्या अकरांनी घातलं होतं कशावरून? एकीकडे हे झालं म्हणून सगळीकडे झालं असं होत नाही. काहींनी खरंच घातलं नसेल. वर्ष उलटून गेलंय. आता विचारलं तरी कुणाला काय आठवणार? आपल्याकडे पुरावा काय?”

“सर, त्यांनी घातलं असेल तर ते शहाण्णवांतले सगळ्यात आजारी अकरा होते. सगळ्यात आजारी तेवढे आपण वेचून बाहेर काढले. मग उरलेले बरे दिसणारच की. तुम्ही नऊ दिवसांनी तेच सांगणार आहात सगळ्यांना, की चालायला लावलं की माणसं बरी होतात. आणि मग सगळीकडचे डॉक्टर अशा माणसांना अंथरुणातून उठवून चालायला लावणार.”

डॉक्टर म्हणाले, “मला पुरावा लागेल, ताई. तुमचं वाईट वाटणं मी तिथे उभं राहून मांडू शकत नाही.”

हे त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

ताई अखेर खुर्चीत बसल्या. फोन पुढे ओढला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. मी सतरा वर्षं त्यांचे फोन ऐकत आलोय, पण नंबर फिरवताना त्यांचं बोट चुकलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पहिला फोन लागला नाही. बारा नंबरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी तेव्हाच सांगितलं होतं,” आणि ठेवून दिला. सव्वीसच्या नवऱ्याने विचारलं, आता परत कशाला छळताय. डॉक्टर खिडकीतून धुराड्याकडे बघत होते. यातलं काहीच पुरावा नव्हतं.

मग नऊ नंबर.

नऊ नंबर मला आठवत होता. वय एकोणतीस, पोहायला शिकवायचा. पहिल्या भेटीला आई त्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती, काळा चष्मा लावून. ताई त्याच्या मनगटाला पट्टा बांधत होत्या तेव्हा तो हळूच म्हणाला होता, “पाण्यात चालेल ना?” आणि ताई हसल्या होत्या, आणि तोही. चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट.

आईने फोन उचलला. ताईंनी नाव सांगितल्याबरोबर ती म्हणाली, “आला का फोन. बरं झालं.”

“तुम्ही वाट बघत होतात?”

“बघणारच ना. तुम्ही म्हणाला होतात, मी सांगेपर्यंत काढायचं नाही. मग फोनच आला नाही. चकतीवरचा तो हिरवा ठिपका मधे केव्हातरी लागायचा बंद झाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, बंद पडलं असेल रे, काढूया. तो नको म्हणाला. म्हणाला, मागच्या वेळी त्यांना वाटलं मी घातलं नव्हतं, परत तसं नको व्हायला.”

“म्हणजे,” ताई म्हणाल्या, आणि थांबल्या. मी त्यांना वाक्याच्या मधे थांबताना कधी पाहिलेलं नव्हतं. “म्हणजे अजून हातात आहे?”

“आहे की. काढू का आता?”

खोलीत कुणी हललं नाही. आमच्या मनगटांवर ते घड्याळ असतं तर आम्ही तिघंही बाद झालो असतो, असला काहीतरी भलता विचार माझ्या डोक्यात आला.

“नको,” ताई म्हणाल्या. “मी येते. मीच काढते.”

त्या गेल्या. डॉक्टर आपल्या खोलीत गेले नाहीत. माझ्या समोर, ताईंच्या खुर्चीत बसले आणि वही चाळत राहिले. एकदा त्यांनी मला विचारलं, हा नियम कुणाचा. मी म्हणालो, पुस्तिकेतला, पण टाकला मी. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “आणि सही माझी.”

पाचच्या सुमारास ताई आल्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते उचलून दिव्याखाली धरलं. पट्टा घामाने पांढुरका पडला होता, कडा झिजलेल्या. नंबराचा कागद कधीच निघून गेला होता, तिथे कुणीतरी शाईने पुन्हा नऊ लिहिलं होतं.

“मी तिसऱ्या भोकात लावलं होतं,” ताई म्हणाल्या. “मला नक्की आठवतंय. तिसऱ्या.”

तिसऱ्या भोकाजवळ एक वळी होती. चौथ्याजवळ एक. शेवटच्या, सहाव्याजवळ खोल वळी. आणि त्याच्यापुढे, कंपनीने पाडलेली भोकं संपल्यावर, बोटभर आत आणखी एक भोक होतं, वेडंवाकडं, कडेने जळलेलं. सुई तापवून घरी पाडलेलं. मनगट बारीक होत गेलं आणि घड्याळ गळून पडायला लागलं, म्हणून त्याच्या आईने ते पाडलं होतं.

डॉक्टर बराच वेळ त्या भोकावरून अंगठा फिरवत राहिले.

“काढताना तो काही बोलला?” मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“खूप हळू बोलतो आता. जवळ जावं लागलं.” ताईंनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. “त्याने विचारलं, माझी नोंद झाली का?”

“मग?”

“मी हो म्हणाले.” त्या माझ्याकडे वळल्या. “सतरा वर्षांत कुठल्या माणसाशी मी खोटं बोलले नाहीये. आज बोलून आले. आता बसा आणि ते खरं करा.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ अलगद टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “अकराही परत घ्या. आणि सभेत काय सांगायचं ते मी बघतो.”

आकडे कुठे गेले नव्हते. बाद केलेले आकडे मी पुसत नाही, नुसते बाजूला ठेवतो. नऊ नंबरची ओळ उघडली. पंधरा दिवस, प्रत्येक दिवसाचे तासन्‌तास शून्य. एका माणसाने एका खोलीत न हलता काढलेले ते पंधरा दिवस आमच्याकडे पहिल्यापासून होते. पुढे ‘घातलं नाही’, आणि त्याच्या शेजारी ‘कारण’च्या रकान्यात मी चौदा महिन्यांपूर्वी, बहुधा घरी जायच्या घाईत, टाइप केलेले दोन शब्द होते: इच्छा नसावी.

ते मी आधी खोडले.